तलावाच्या पारीवर चालवायला एमटीबी घ्यायची असेल तर: माझ्या २७.५ हार्डटेलचा रिव्ह्यू

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात कोणाला एमटीबी म्हणजे कच्च्या वाटेची माउंटन बाइक घ्यायची असेल तर हे पूर्ण वाचा, लांबलचक आहे पण कामाचं आहे. काहून की यूट्यूबवर जेवढे रिव्ह्यू सापडतात ते सगळे सह्याद्रीच्या घाटातले नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरचे, एका बाजूला कडा, खाली निळं पाणी, वळणावळणाची वाट अन सायकल सुसाट. कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळ वाइल्डर रँच नावाचं स्टेट पार्क आहे, तिथं पॅसिफिक समुद्राच्या कड्याच्या काठाकाठानं सायकलवाल्यांना वाट मोकळी आहे, ते व्हिडिओ पाहून पाहूनच मला या सायकलींचं वेड लागलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहणाऱ्याला पाण्याकाठची वाट शोधायला कुठं जावं लागत नाही. गावागावाला तलाव नाहीतर बोडी म्हणजे छोटा तलाव, तलावाला पार म्हणजे मातीचा बांध, अन पारीवरून वाट. एकीकडे पाणी, दुसरीकडे धानाच्या बांध्या म्हणजे वावराचे तुकडे, समोर डोंगर. मग ती व्हिडिओतली सायकल आपल्या पारीवर कशी चालते, काय टिकते, काय टिकत नाही, ते कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहिते आहे.

सायकल कोणती ते आधी. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पंचवीस हजाराच्या आतबाहेर चार-पाच कंपन्यांच्या सायकली मिळतात अन स्टिकर सोडले तर खाली सामान जवळपास तेच असते. माझी ॲल्युमिनियम फ्रेमची हार्डटेल आहे, म्हणजे पुढं सस्पेन्शन आहे, मागं नाही. चाक २७.५ इंची, टायर २.१, पुढं १०० एमएम दबणारा स्प्रिंगवाला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) लॉकआउटसहित म्हणजे दबणं बंद करायच्या सोयीसकट, दोन्हीकडे केबलवाले डिस्क ब्रेक, अन ३ बाय ८ म्हणजे चोवीस गियर. नागपूरहून घेतली. पावसाळा, हिवाळा अन उन्हाळा तिन्ही पाहून झाले, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

साइजबद्दल मुलींनी अन कमी उंचीच्या लोकांनी नीट ऐका. दुकानवाले स्टॉकमध्ये जे असेल ते गळ्यात घालतात, "सीट खाली करून देतो ना मॅडम" म्हणतात. सीट खाली केल्यानं फ्रेम लहान होत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, मला एस साइज बरोबर बसली, अन २९ इंची चाकापेक्षा २७.५ बरं पडलं कारण पारीवर कुठं म्हशी उतरल्या, कुठं वाट खचली की पटकन पाय टेकवावा लागते. वरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टेकवून उभं राहायचं अन मध्ये दोन-तीन बोटं तरी जागा राहिली पाहिजे, नाही राहिली तर ती सायकल तुमची नाही, कितीही डिस्काउंट देऊ द्या. सीटची उंची पाहायची सोपी पद्धत म्हणजे पॅडल पूर्ण खाली असताना टाच पॅडलवर ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. सोबत आलेली सीट मात्र अरुंद होती, बायकांच्या बसण्याच्या हाडांची रुंदी जास्त असते म्हणून ती टोचायची. मी थोडी रुंद पण कडकच सीट लावली. जाड जेलची मऊ गादी घेऊ नका, लांब चालवलं की तीच जास्त दुखते.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायर. आपल्या भागात एमटीबीचं अर्धं सुखदुःख टायरवर आहे. पांदणीनं म्हणजे शेतातल्या गाडीवाटेनं तलावाकडे जायचं म्हणजे दोन्ही बाजूला बोरी, बाभळी, चिलाटी, अन शेतकऱ्यानं धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर काट्याचं कुंपण केलं की त्यातले काटे वाटेवर येतातच. बाभळीचा काटा लांब अन सरळ, तो टायरमधून आरपार जाते. सराट्याचं गोखरू बारीक असते पण एकावेळी पाच-सहा चिकटतात. पंचर होईल का हा प्रश्नच नाही, कधी होईल एवढंच. त्यावर मला जे लागू पडलं ते असं, ट्यूबमध्ये सीलंट म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव्य टाकायचं. या सायकलींच्या ट्यूबला जाड व्हॉल्व्ह असते, मोटरसायकलला असते तेच, त्याची आतली पिन फिरवून काढता येते अन बाटलीनं सीलंट आत सोडता येते. काटा शिरला तर आतलं सीलंट त्या भोकात जाऊन बसते. काटा लगेच उपटायचा नाही, घरी येऊन काढायचा, चाक फिरवायचं, सी सी आवाज बंद होते. अन लॅटेक्सवालं सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकते, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका, म्हणून पावसाळ्याच्या आधी अन दिवाळीनंतर परत टाकायचं हे धरून चाला.

त्या जाड व्हॉल्व्हचा अजून एक फायदा म्हणजे पेट्रोल पंपावर नाहीतर कोणत्याही मोटरसायकल पंचरवाल्याकडे हवा भरता येते. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, बारीक रबराचा, त्याचा पंप याला चालत नाही. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हवाली सायकल घेतली तर गावात हवा भरायचे वांधे होतील, घेताना वाकून पाहा. पण पंपावरच्या पोराला सांगायचं की थोडी थोडी भर, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी, दाबलं की क्षणात टायर फुगून कडक होते.

किती हवा? यावर लोक फार चुकीचं सांगतात. दुकानात अन पंचरवाल्याकडे एकच सवय, अंगठ्यानं दाबायचं अन दगड झाला की "झालं". ५०-५५ पीएसआय भरून मुरमाच्या पारीवर गेलं की दात वाजतात अन मागचं चाक उड्या मारते, पकड राहत नाही. टायरच्या बाजूला कमीत कमी अन जास्तीत जास्त किती ते छापलेलं असते. माझं वजन पन्नास किलोच्या आसपास, मी खालच्या आकड्याच्या थोडं वर ठेवते, पुढं तीसच्या आत अन मागं तीसच्या वर. फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण फार कमी केली तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटते अन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काट्याचं भोक एक असते अन चिमट्याची दोन, पंचर काढताना पाहिलं की लगेच कळते की काटा दोषी आहे की हवा. छोटा गेज मिळते, घ्या. या सायकलवर वरून काही खर्च करायचा असेल तर पहिला खर्च टायर, ट्यूब, सीलंट अन गेजवर करा. हँडलच्या रंगीत ग्रिपा नंतर.

दुसरा नंबर ब्रेकचा. एमटीबीचा जन्मच ब्रेकच्या कटकटीतून झाला म्हणा न. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत, तिथं पण समुद्र जवळच, काही पोरं १९३०-४० च्या जुन्या वजनदार श्विन सायकली भंगारातून आणून डोंगराच्या कच्च्या वाटेनं खाली सोडायची. १९७६ मध्ये त्यांनी शर्यती सुरू केल्या, त्या उताराचं नाव रिपॅक, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातला पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा अन हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं. पुढं त्यातूनच १९७७-७८ च्या सुमारास खास डोंगरासाठी नवीन फ्रेमा बनल्या अन आजची एमटीबी तयार झाली. मी हे वाचलं तेव्हा आमच्या गावातली दूधवाल्याची काळी सायकल आठवली, तीस-चाळीस लिटर दूध बांधून ती पण त्याच मुरमाच्या वाटेनं जाते. म्हणजे जुनी वजनदार सायकल अन कच्ची वाट, ही गोष्ट आपल्याला परकी नाहीच.

माझे ब्रेक केबलवाले डिस्क आहेत. हायड्रॉलिक डिस्क यापेक्षा भारी, एका बोटानं लागतात, हात लहान असेल तर तेच चांगले, हे मान्य. पण त्यात हवा शिरली तर तेल बदलून ब्लीड करावं लागते, त्याचं किट लागते, शिमानोला मिनरल ऑइल चालते अन काही कंपन्यांना डॉट फ्लुइड, एकाच्या जागी दुसरं टाकलं तर आतले सील खराब. अन हे करणारा माणूस आपल्यापासून किती लांब आहे ते पाहा. अर्जुनी मोरगावहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या घरात. केबलवाला ब्रेक पाच एमएमच्या ॲलन कीनं मी स्वतः ओढून घेते, केबल खराब झाली तर शे-दीडशेत काम होते. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून गंज धरते अन लिव्हर जड होते, म्हणून पावसाळा संपला की दोन्ही केबल बदलायच्या, विषय संपला. जुने रबराचे ब्रेक मात्र नका घेऊ. रोवणीच्या म्हणजे धान लावणीच्या चिखलात रिमवर गाळ बसला की ते रबर रिमला खाते अन ब्रेक लागतच नाही, डिस्क वर असते म्हणून कोरडी राहते. एक काळजी, चेनला तेलाचा स्प्रे मारताना डिस्कवर उडू द्यायचा नाही. एकदा पॅडनं तेल प्यायलं की तो ओरडतच राहते अन पकड जाते, मग पॅड बदलण्याशिवाय इलाज नाही.

फोर्कबद्दल थोडक्यात सांगते. १०० एमएम ऐकून जीव हरखते पण या किमतीच्या फोर्कमधली स्प्रिंग सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या हिशोबानं असते. हलक्या माणसाखाली ती दबतच नाही. पाहायचं असेल तर फोर्कच्या चकचकीत नळीला एक झिप टाय बांधा, सायकलवर हळूच बसा अन उतरा, टाय २०-२५ एमएम सरकला पाहिजे. माझा सरकला जेमतेम अर्धा. प्रीलोडचा म्हणजे स्प्रिंग कसायचा नॉब पूर्ण सैल केला तेव्हा थोडं बरं झालं, पण खरा आराम टायरची हवा कमी केल्यावरच मिळाला. म्हणून फोर्कच्या नावावर तीन-चार हजार जास्त मागत असतील तर देऊ नका, या रेंजमध्ये तरी.

गियरचं आमच्या गावच्या सायकलवाल्या काकांनी एका वाक्यात सांगितलं. काका एसटी स्टँडच्या मागं बसतात, तीस वर्षं सायकली दुरुस्त करून राह्यले, गियरवाली पहिल्यांदा माझीच हाताळली. म्हणाले, "ताई, चोवीस गियर हायेत म्हनता, वापरता किती जी?" मी म्हटलं, पाच-सहा. "मंग बाकीचे कायले?" बरोबर आहे त्यांचं. आपल्या भागात पारीची वाट सपाट, पांदण सपाट, चढ फक्त डोंगराच्या पायथ्याशी अन धरणाच्या भिंतीवर चढताना. पुढं एकच चकरी अन मागं आठ-नऊ असती तरी भागलं असतं, पुढचा डिरेलर (चेन एका चकरीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) म्हणजे चिखल अडकायला अजून एक जागा. पण गियरच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट नक्की तपासा, मागच्या चकऱ्यांचा संच कॅसेट आहे की फ्रीव्हील. सात गियरच्या स्वस्त सायकलीत आटे असलेलं फ्रीव्हील असते, त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहते अन एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय, खड्ड्यात आपटून आपटून एक्सल वाकते. आठ गियरची कॅसेट फ्रीहबवर बसते, तिथं बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असते, मजबूत. शिमानोची उतरंड खालून वर टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओरे अशी आहे, आपल्या वापराला आल्टस पुरेसा, त्यावर पैसे टाकण्यापेक्षा कॅसेट आहे का ते पाहा.

काकांबद्दल अजून लिहिलंच पाहिजे कारण हा रिव्ह्यू अर्धा त्यांचा पण आहे. चाक आउट झालं तर तारा ओढून एवढं सरळ करतात की शहरातल्या दुकानात पण पाहिलं नाही तसं काम, अन त्याचे पैसे सांगायला लाजतात. हबमधल्या गोळ्या, ग्रीस, पॅडल, बॉटमचं काम, सगळं करतात. फक्त सामान नसते. त्यांच्याकडची चेन साध्या सायकलची, जाड, ती गियरवाल्या कॅसेटवर बसत नाही, याला बारीक चेन लागते. ६-७-८ स्पीडला एकच चेन चालते, तेवढं लक्षात ठेवून एक जास्तीची मागवून ठेवा, सोबत चेन जोडायची क्विक लिंक. अन अजून एक वस्तू जी कोणीच सांगत नाही, हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला टांगलेला असते तो मुद्दाम नरम बनवतात, सायकल आपटली की तो वाकते किंवा तुटते अन फ्रेम वाचते. पण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असते. नंतर शोधत बसलात तर सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहील. सायकल घ्याल त्याच दिवशी त्याच दुकानातून एक हँगर जास्तीचा मागा, नाही म्हटलं तर सायकलचे पैसे देऊ नका.

आता वाटा. इटियाडोहकडची सगळ्यात आवडती. गाढवी नदीवरचं धरण, गोठणगाव जवळ, पाणी एवढं की समोरचा काठ धूसर दिसते अन वारा सुटला की लाटा दगडांवर आपटतात. समुद्राचं वेड असणाऱ्यानं इथं एकदा हिवाळ्यात संध्याकाळी येऊन उभं राहावं, एवढंच म्हणते. गोठणगावजवळच तिबेटी कॅम्प आहे, १९७० च्या दशकात वसवलेला, रंगीत पताका, गोंपा म्हणजे बौद्ध मठ, अन तिथले बरेच लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत गेलेले असतात म्हणून त्या दिवसांत गल्ल्या शांत. तिथून पुढं प्रतापगडच्या पायथ्याकडे गेलं की मुरूम अन दगडाची मिसळ लागते, खरी एमटीबी इथं कळते. पण महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका, यात्रेची गर्दी असते, सायकलनं लोकांच्या मध्ये घुसणं बरं नाही.

नवेगावबांधच्या बाजूनं जाताना मात्र नियम पक्का ठेवा. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे अन २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगलाच्या आत सायकल घालायची नाही, गावाची वाट अन सार्वजनिक रस्ता एवढंच आपलं. बाहेरच्या देशात पण असंच आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पॉइंट रेयेस आहे, तिथं काही ठरलेल्या वाटांवर सायकल चालते पण विल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात बंद. कोणी त्याचा बाऊ करत नाही.

मोहफुलाच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे जंगलाला लागून असलेली पांदण टाळा. बाया-माणसं फुलं वेचायला जातात अन अस्वलं पण तिथंच येतात, अन सायकलचा आवाज नसते म्हणून अस्वलाला तुम्ही एकदम जवळ आल्यावरच कळते. पूर्ण उजेड झाल्यावर निघायचं, वळणावर घंटी वाजवायची. एमटीबीला घंटी लावत नाहीत लोक, स्टाइल जाते म्हणतात, तीस रुपयांची घंटी लावा. अन अंधार पडल्यावर शॉर्टकटसाठी धुऱ्यावरून जायचं नाही म्हणजे नाही. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारेत करंट सोडतात, बेकायदेशीर आहे पण सोडतात, अन त्यात माणसं गेलेली आहेत.

पावसाळ्याचं थोडं जास्त लिहिते कारण माझा जीव इथं अडकते. रोवणी सुरू झाली की केजव्हील म्हणजे चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं लावलेले ट्रॅक्टर बांधीतून रस्त्यावर येतात अन रस्त्याचा लगदा होते. धानाची माती चिकट, टायर अन फ्रेमच्या मधल्या जागेत अशी भरते की चाक फिरणंच बंद. काडीनं काढत काढत चालावं लागते. म्हणून घेताना मागच्या टायरच्या अन फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूला बोट जाईल एवढी जागा आहे का पाहा. धुताना बादली अन कापड. ट्रॅक्टरवाल्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका, ते पाणी हबच्या अन बॉटमच्या बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस वाहून जाते. किनाऱ्यावरचे व्हिडिओवाले म्हणतात प्रत्येक राइडनंतर धुवा, ते खाऱ्या हवेमुळं, मीठ लोखंड खाते. आपल्याकडे मीठ नाही, धूळ अन चिखल आहे. चिखल सुकू द्यायचा, ब्रशनं झाडायचा, चेन पुसून थोडं तेल टाकायचं.

पण ओल्या पारीवर सायकल चालवायची नाही. हे मी सायकलसाठी नाही, पारीसाठी सांगते. हे मालगुजारी तलाव आजचे नाहीत, गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधत आणले, नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, अन १९५१ मध्ये मालगुजारी म्हणजे जमीनदारी पद्धत संपल्यावर तलाव सरकारकडे गेले तरी त्या पाण्यावर धान आजही आपलंच पिकते. पार म्हणजे नुसता मातीचा बांध. ओला असताना टायरनं लांबच लांब घळ पडली की पुढच्या पावसाचं पाणी त्याच घळीतून धावते, जिथं सखल जागा सापडेल तिथून पारीला कापत खाली उतरते. पारीवरचं गवत मातीला धरून ठेवते, अन टायर आधी गवतच उपटते. खाली ज्याची बांधी आहे त्याचा वर्षाचा धान त्या मातीच्या भरवशावर आहे. बाहेरच्या किती तरी पार्कांमध्ये मोठा पाऊस झाला की सायकलच्या वाटा सुकेपर्यंत बंद ठेवतात, आपल्याकडे बंद करणारा कोणी नाही म्हणून आपणच बंद ठेवायची. अंगठा दाबून पाहा, माती दबली तर परत फिरा. सलंगावरून म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडत असेल तेव्हा तिथून सायकल खांद्यावर घेऊन पण ओलांडू नका, खाली शेवाळ असते. त्या महिन्यांत मी डांबरी रस्त्यावर चालवते, मजा कमी येते, चालते.

अन पावसाळ्यातच सारस घरटी करतात, धानाच्या बांध्यांमध्ये अन तलावाच्या काठच्या गवतात. महाराष्ट्रात सारस म्हणजे मुख्य करून आपला गोंदिया जिल्हा, आपल्या डोळ्यासमोर आहे तोवर त्याची कदर करायला पाहिजे. जोडी दिसली तर लांबूनच थांबा, फोटोसाठी बांधीत उतरू नका. उतरलात तर धान पण तुडवाल अन पक्षी पण उठेल.

खरा सीझन दिवाळीनंतर. धान कापून झाला, पार सुकली, गवत खाली बसलं, तलाव भरलेले अन बाहेरून आलेली बदकं पाण्यावर. जानेवारीच्या सकाळी थंडी कडक असते, हातमोजे घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही सायकल मला जे देते ते मी कोणत्याच गाडीवर बसून पाहिलं नाही. पारीवर म्हशी घेऊन येणारा कोणी दिसला तर उतरून बाजूला थांबते, ढिवर लोकांची जाळी वाटेवर सुकत असेल तर उचलून बाजूला ठेवत नाही, सायकलच खाली उतरवून नेते. जाळी त्यांची पोटापाण्याची आहे. कोणी विचारते, "ताई, केवढ्याची हाय जी?" मी खरी किंमत सांगते, मग ते एकदा चालवून पाहतात, पोरं तर हमखास. द्या चालवायला. दोन पोरांनी चालवली अन त्यातल्या एकीच्या बापानं आता जुनी एमटीबी शोधायला सांगितली आहे मला.

पाचपैकी चार देते. एक कापला तो फोर्कचा अन सीटचा. टायर मी नंतर २.२५ चे टाकले, फ्रेममध्ये बसले, तुमच्या फ्रेममध्ये बसतात का ते आधी मोजा. जुनी घेत असाल तर मागचं चाक काढून एक्सल बोटानं फिरवून पाहा, वाकला असेल तर त्याचं टोक डगमगताना दिसते. चेन मोजायचं छोटं गेज मिळते, ०.७५ टक्क्यांच्या पलीकडे ताणलेली असेल तर चेनसोबत कॅसेट पण गेली समजून किमतीतून तेवढे कमी करून मागा. अन पाच फूट सहाच्या वर उंची असेल तर २९ इंची चाक चालवून पाहा, खड्ड्यावरून ते जास्त सोपं जाते, फक्त ट्यूब-टायर त्याच साइजचे गावात मिळत नाहीत, दोन ट्यूब घरात ठेवाव्या लागतील.